भिंतीकडे तोंड करून उभे राहणारे सुभेदार

सुभेदार रंगराव ढोले यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून. ते आमच्या सोप्यात माझ्या सासऱ्यांसमोर बसले होते आणि मी दाराआड उभी राहून त्यांचं बोलणं चोरून ऐकत होते. ज्या माणसानं उभी हयात दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही म्हणून घालवली, त्यांची आणि माझी ओळख अशी माझ्या चोरट्या कानांनी झाली. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात लिहिताना ही कबुली आधीच दिलेली बरी. सुभेदारांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबांना मी हे नंतर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुझ्याबद्दलच बोलनं चाललं हुतं, म्हंजी ते तुझंच की."

त्या वेळी माझ्या लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं. माहेर मेढ्याचं, सासर आष्ट्याचं, नवरा सैन्यात आणि तोही लांब उत्तरेला. लग्नात मानपानावरून माझा भाऊ आणि माझे सासरे यांचं वाजलं होतं, आणि त्याचा राग म्हणून मला माहेरची वाट बंद होती. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांची ऊसशेती मोठी आणि शब्द त्याहून मोठा. दुपारची कामं आवरली की मी मोबाईल घेऊन माडीवर जाऊन बसायची. घरात इंटरनेट होतं ते सुभेदारांचं. मोठ्या कंपनीकडून घेऊन आष्टा आणि आसपासच्या वस्त्यांना ते पोचवायचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर आधी त्यांनी टीव्हीची केबल टाकली, मग काळ बदलला तशी त्याच खांबांवरून इंटरनेटची.

तर मामांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. चहा मीच करून बाहेर पाठवला आणि दाराआड झाले.

"सुभेदार, लाईन तुमची हाय," मामा म्हणाले. "कुठल्या घरात कोन काय बघतंय ते तुमाला दिसतंय न्हवं?"

"दिसायची सोय हाय," आबा म्हणाले. "बघायची सवय न्हाई."

"सून दुपारभर मोबाईल घिऊन माडीवर बसती. कुठं कुठं जाती, तेवढी यादी द्या. घरचीच बाब हाय."

"घरची हाय तर घरातच इचारा की. ती हितंच असंल."

मी दाराला आणखी चिकटले.

"गड्या, तुमी पोलिसांचा न्हाईतर कोर्टाचा कागद आना," आबा पुढं म्हणाले, "कायद्यानं जे द्यायचं ते मी देतो. सरकारनं ठेवायला सांगितलेली नोंद मी कुलपात ठेवतो, त्यात कसूर न्हाई. पन सासऱ्याला सुनंची, नवऱ्याला बायकूची, शेजाऱ्याला शेजाऱ्याची यादी मी देत न्हाई."

मामांचा आवाज खाली आला. मामांचा आवाज खाली आला की घरातली भांडीसुद्धा वाजायची थांबतात. "तुमची वायर माझ्या बांधावरनं म्होरल्या वस्तीवर जाती. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय."

"मग?"

"बांध तुमचा. वायर माझी. यादी तिची."

एवढं बोलून ते उठले. चहा मात्र शेवटच्या घोटापर्यंत प्यायले होते. आपल्याकडं रागानं उठून जाणारा माणूस आधी चहा तसाच सोडतो. पुढं मी विचारलं तर म्हणाले, "चहा तू केला हुतास. त्याच्यावर कशाला राग?"

दुसऱ्या दिवशी बांधावरची वायर तुटलेली सापडली. ती कुणी तोडली हे मी इथं लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं आहे, आणि ज्यांनी तोडली त्यांनी हा लेख छापायच्या आधी वाचला आहे.

वस्तीवरचं आणि आमच्याही घरचं इंटरनेट आठ दिवस बंद राहिलं. परीक्षेचे अर्ज भरायचे होते, कुणाचा मुलगा परदेशी होता, कुणाला सातबारा काढायचा होता. लोक ऑफिसात येऊन सुभेदारांना नाही नाही ते बोलले. म्हातारा झाला, झेपत नाही, धंदा बंद कर म्हणाले. आबा एकच उत्तर द्यायचे, "लाईनीत बिघाड हाय." खरं कारण सांगितलं असतं तर अर्धं गाव त्यांच्या बाजूनं उभं राहिलं असतं. पण कारण सांगायचं म्हणजे माझं नाव घ्यायचं. मग संध्याकाळी पारावर चर्चा झाली असती की सून मोबाईलवर असं काय बघत होती. यादी न देताच माझी यादी गावानं तयार केली असती. हे आबांनी त्या सोप्यातून बाहेर पडेपर्यंत ओळखलं होतं, आणि म्हणून आठ दिवस त्यांनी शिव्या खाल्ल्या. साठी कधीच उलटलेला तो माणूस भर उन्हात खांब रोवत लांबच्या रस्त्याकडेनं नवी लाईन ओढत होता आणि मी माडीच्या खिडकीतून ते बघत होते. मी गप्प बसले. तो माझा भित्रेपणा होता आणि आबांच्या गौरवात तो लिहिलाच पाहिजे, नाहीतर त्यांनी काय सोसलं हे कळायचं नाही.

नवी लाईन सुरू झाली तेव्हा पहिलं घर जोडलं ते आमचं.

पुढच्या महिन्यात माझे यजमान सुट्टीवर आले. मी त्यांना सगळं सांगितलं. बापलेक दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी यजमानांनी मला गाडीवर बसवलं आणि थेट मेढ्याला नेलं. येताना आम्ही आबांच्या ऑफिसात आभार मानायला थांबलो. आभार ऐकून घेणं हा आबांचा प्रांतच नाही. त्यांनी विषय बदलला आणि मला विचारलं, "शिकलीस काय?"

मी म्हटलं, साताऱ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय.

तसे ते यजमानांकडं वळले. "आवं, मग हिला घरात बसवून काय लोनचं घालताय? माझ्याकडं बिलं लिवायला मानूस हाय, फायबर जोडायला न्हाई."

अशी मी आबांची शिष्या झाले. केसाएवढ्या काचेच्या दोन तारा मशीनमध्ये समोरासमोर धरून वितळवून एकजीव करायच्या, हे काम मी खांबावर चढून करायला लागले तेव्हा गावानं महिनाभर माना वर करून पाहिलं आणि मग माना दुखल्या म्हणून सोडून दिलं. आबा शिकवताना फार ओरडतात. गौरवलेखात हे लिहायचं नसतं असं गौरव समितीच्या एका सदस्यांनी मला सांगितलं, पण ओरडणं वगळून आबांबद्दल लिहिणं म्हणजे मीठ वगळून भाकरी. जोड चुकला की खालून आवाज येतो, "ए पोरी, काच हाय ती, दोरा न्हाई!" आणि जोड जमला की काहीच आवाज येत नाही. ते न ओरडणं हीच शाबासकी, हे समजायला मला वर्ष लागलं.

पण पहिल्या दिवशी त्यांनी जे शिकवलं ते तारा जोडण्याबद्दल नव्हतं. एका घरी नवं राउटर बसवायला आम्ही गेलो होतो. घरातल्या काकूंना आबा म्हणाले, "आता तुमचा पासवर्ड टाका," आणि टाचेवर गर्रकन वळून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मला काही कळेना. मी काकूंच्या मोबाईलमध्ये बघतच होते. मागं न वळता आबा म्हणाले, "पोरी, भित हिकडं हाय." मीही वळले. काकू घाबरल्या. म्हणाल्या, "सुभेदार, माझं काय चुकलं का? रुसला का काय?"

तेव्हापासून आजतागायत आमच्या ऑफिसातला प्रत्येक माणूस हेच करतो. ग्राहक काही लिहीत असला की आम्ही भिंतीकडं तोंड करून उभे. काही जण हसतात, काही जण "आवं बघा की, त्यात काय एवढं" म्हणतात. आबांचं उत्तर ठरलेलं: "तुमी म्हनताय म्हनून बघनार न्हाई." त्यामुळं आष्ट्यात कुणाच्या भिंतीला पोपडे आलेत आणि कुणाच्या घरी अजून गेल्या वर्षीचं कॅलेंडर लटकतंय हे आबांना तोंडपाठ आहे, पासवर्ड मात्र एकाचाही माहीत नाही.

ही सवय कुठून आली हे त्यांनी मला त्याच दिवशी परतीच्या वाटेवर सांगितलं. आबा फौजेत सिग्नलला होते. सीमेजवळच्या एका ठाण्यावर टेलिफोन एक्स्चेंज त्यांच्या हातात होतं. जवान रविवारी रांग लावून घरी फोन करायचे आणि जोडून देणारे आबा. ठरवलं तर प्रत्येक शब्द ऐकू यायचा. एकदा त्यांनी कान लावला.

"जतकडचा एक पोरगा हुता," आबा म्हणाले. "अंगानं रेडा. त्यो आईला म्हनत हुता, 'आई, मला हितं करमत न्हाई, मला न्हे.' आन् रडत हुता. मी जेवताना एका दोस्ताला गंमत म्हनून सांगितलं. दोस्तानं दुसऱ्याला. रातच्याला आख्खी बराक त्याला 'आई, मला न्हे' म्हनत हुती."

"मग?"

"मग काय. त्यो पोरगा पुन्ना कवा फोनच्या रांगंत आला न्हाई. त्याच्या आईला लिवता-वाचता येत नव्हतं. वायर न तोडता मी त्याची लाईन तोडली."

त्यानंतर आबा फोन जोडून "बोला" म्हणायचे, कानावरचं यंत्र काढून खुंटीला अडकवायचे आणि भिंतीकडं तोंड करून बसायचे. समोर एक कॅलेंडर होतं. त्या वर्षीच्या सगळ्या तिथी त्यांना पाठ झाल्या. ही हकिगत सांगून झाल्यावर आबांनी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ उसाकडं बघत थांबले. आपण केलेली चूक चाळीस-पन्नास वर्षं जिवंत ठेवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

आबा कधीच चुकले नाहीत असं मात्र मी लिहिणार नाही. आमच्या लाईनीचा एक फाटा तासगावच्या बाजूला आहे. तिथल्या काही पालकांनी एकदा ऑफिसात येऊन सांगितलं की मोबाईलवरच्या एका जुगाराच्या साइटनं पोरं वाया चाललीत, ती तुमच्या पातळीवर बंद करा. सरकारी आदेशानं काही साइट बंद ठेवाव्या लागतात, त्या आम्ही ठेवतोच. ही त्यातली नव्हती. पण पालकांची तळमळ बघून आबा विरघळले आणि त्यांनी ती बंद केली. गंमत अशी की एकाच मशीनवर, एकाच क्रमांकाखाली, अनेक साइट नांदत असतात. आम्ही तो क्रमांकच अडवला. त्याच क्रमांकाखाली बागायतदारांना हवामानाचा इशारा देणारी एक साइट होती. तीही बंद पडली आणि आम्हाला पत्ता नाही.

चार दिवसांनी एक बागायतदार मोटरसायकलवरून आले आणि त्यांनी आबांच्या टेबलावर ओंजळभर काळे पडलेले बेदाणे ओतले. "ह्यो बघा रंग! माल शेडात जाळीवर हुता. सांजच्याला पाऊस येनार म्हनून समद्यांनी ताडपत्र्या सोडल्या. माझ्या मोबाईलवर पानच उघडंना, मी आपला मोकळा!"

आबांनी त्यांच्यासमोरच शोध घेतला, चूक सापडली, तिथल्या तिथं दुरुस्त केली. मग बागायतदारांच्या शेडात स्वतः जाऊन हात जोडले. पालकांनाही बोलावून सांगितलं, "मला एक दार लावायचं हुतं, मी आख्खी गल्ली बंद केली. तुमची पोरं तुमी सांभाळा, मी मदत करतो. तुमच्या मोबाईलवर कुलूप कसं लावायचं ते घरी यिऊन शिकवतो. पन समद्यांच्या दाराला कुलूप लावायचं काम माझं न्हाई." आणि खरोखर घरोघरी जाऊन त्यांनी ते शिकवलं. अर्थात, भिंतीकडं तोंड करून.

ते काळे बेदाणे आबांनी काचेच्या बरणीत भरून टेबलावर ठेवले आहेत. कुणी अमुक साइट बंद करा म्हणून आलं की आबा झाकण उघडून बरणी पुढं करतात. ऑफिसच्या दारावर एक पाटीही आहे: 'आम्ही आमच्या मर्जीने बंद केलेल्या साइट – शून्य.' ती पाटी दर दिवाळीला नव्यानं रंगवली जाते.

माझी स्वतःची परीक्षा पुढं झाली. गावातल्या सोसायटीची निवडणूक होती आणि मामा एका पॅनेलचे पुढारी होते. विरुद्ध बाजूचे एक गृहस्थ ऑफिसात आले. काउंटरवर मी होते. इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "वैनी, तुमचं मामा मोबाईलवर कुठं कुठं जात्यात, तेवढं बघून सांगा. तुमालाबी त्यांनी लय छळलंय, समद्या गावाला ठावं हाय. आता सोडू नका."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला मोह झाला. दोन वर्षांची बंद वाट आठवली, आठ दिवस उन्हात राबणारे आबा आठवले. आबा तिथंच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण ते उठले आणि भिंतीकडं तोंड करून कॅलेंडर वाचायला लागले. माझ्यावर नजर ठेवणारं माझ्याशिवाय त्या खोलीत कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "यादी त्यांची हाय. त्यांनाच इचारा."

गृहस्थ गेले. कॅलेंडरकडं बघतच आबा म्हणाले, "चहा सांग गं." त्या चहाची चव मी कुणाला सांगू शकत नाही.

गावात गोष्टी पोचायला इंटरनेट लागत नाही.  दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना मामा सोप्यातून म्हणाले, "सुभेदाराला म्हनावं, बांधावरनं वायर परत वडायची तर वडा. तुमाला वळसा लय पडतोय." मी निरोप दिला. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. रस्त्याकडची लाईन आता पक्की झालीया. पन चहाला येतो म्हनून सांग." आणि आले. दोघं तासभर उसाच्या लागणीवर बोलले. वायरीचा विषय कुणीच काढला नाही.

आज गावात मोठ्या कंपन्यांच्या गाड्या फिरतात. चकचकीत पत्रकं वाटतात. आमची काही घरं तिकडं गेली, आणखी जातील. आमच्यातला एक जण आबांना म्हणाला की ग्राहक काय बघतात याची माहिती विकत घेणारे लोक असतात, त्यावर सगळा तोटा भरून निघेल. आबांनी त्याला बरणीतला बेदाणा खायला दिला. परवा मला म्हणाले, "पोरी, आता गुडघं ऐकत न्हाईत. ह्यो खटाला तू चालव. घरं कमी झाली तर होऊ देत. भिताड सोडू नको." मी हो म्हटलं आहे. या लेखाच्या निमित्तानं ते सगळ्यांसमोर पुन्हा म्हणते, म्हणजे उद्या मला माघार घ्यायची सोय राहणार नाही.

समितीनं मला घरगुती मजकूर टाळा असं कळवलं होतं. पण आबांचं मोठेपण माझ्या घरात घडलं, ते मी दुसरीकडून कुठून आणू? छापायला देण्याआधी कच्चा लेख मी मामांना दाखवला. कुणाच्या परवानगीशिवाय त्याची गोष्ट सांगायची नाही, हे मी आबांकडूनच शिकले. मामांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "लिव. खरं हाय ते लिव. नाव घालू नको." म्हणून ते इथं फक्त मामा आहेत. मग त्यांनी विचारलं, "पन तू बघत काय हुतीस गं?"

इतक्या वर्षांनी, ज्याला विचारायचं त्याला त्यांनी विचारलं. मीही सांगितलं. तेच इथंही सांगते.

केबलवाल्याला आपण आत काय वाचलं ते सहसा दिसत नाही. कोणत्या दाराशी गेलो, एवढं दिसू शकतं. माझ्या त्या यादीत पाच दारं निघाली असती. पहिलं नकाशाचं. दुसरं एसटीच्या वेळापत्रकाचं. तिसरं कोर्टाच्या तारखा सांगणारं. चौथं नोकरीच्या जाहिरातींचं. मामांच्या हाती तेव्हा ही यादी पडली असती तर त्यांनी काय वाचलं असतं? सून काडीमोड घेऊन, नोकरी बघून पळून चाललीय. आणि मी काय करत होते? नकाशात आकाशातून मेढ्यातलं आमच्या घराचं छप्पर दिसायचं, अंगणातल्या फणसासकट. ते बघत बसायची. साताऱ्याहून मेढ्याला जाणारी गाडी आता कुठं पोचली असेल ते वेळापत्रकावरून मोजायची. कोर्टात भावाचा जमिनीचा दावा होता, त्याची तारीख बघायची. नोकरीच्या जाहिराती यजमानांसाठी, निवृत्तीनंतर काय करता येईल म्हणून. त्या यादीनं एकही खोटी गोष्ट न सांगता माझा संसार मोडला असता. ती यादी आबांनी होऊच दिली नाही.

मामांनी बोटांवर दारं मोजली. मग म्हणाले, "आन् पाचवं?"

मी म्हटलं, "ते न्हाई सांगनार."

 मामा हळूच उठले, वळले, आणि सोप्यातल्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

आबा, तुमच्या पंचाहत्तरीला याहून मोठी भेट माझ्याजवळ नाही. तुमचे गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो आणि शंभराव्या वर्षीही खांबाखालून तुमचा ओरडा मला ऐकू येवो. पाचवं दार मी तुम्हालाही सांगणार नाही. तुम्ही विचारणार नाही, हे मला माहीत आहे.